धाग्याविना कापड

मराठी माणसाला नात्यांविषयी काही सांगायचे असले की तो चटकन मागावर जाऊन बसतो. नात्यांची वीण, समाजाची वीण, आयुष्याचे उभे-आडवे धागे. वीण घट्ट असली की सगळे छान, ती उसवली की सगळे बिघडले. आणि 'गुंता' हा शब्द मात्र नेहमी वाईट अर्थाने येतो. गुंता झाला की तो सोडवायचा असतो. सरकारी कार्यालयात वीसेक वर्षे कारकुनी केल्यामुळे मी तर पोटासाठीच गुंते सोडवणारा माणूस आहे.

पण वाचकहो, जगात एक कापड असेही आहे की ज्यात धागा नाही, उभार नाही, आडवण नाही, माग नाही. ते नुसत्या गुंत्याचे असते. तंतू तंतूंत अडकवायचे, इतके की ते पुन्हा सुटू नयेत, आणि कापड तयार. तुम्ही रोज त्यावरून चालत असाल. कार्यालयात साहेबांच्या खोलीत ते पातळ, करड्या किंवा हिरव्या रंगाचे कार्पेट अंथरलेले असते ना, त्याची कडा कधी नखाने उचकटून पाहा. धागा निघणार नाही, केसांसारखा पुंजका निघेल. मोटारीच्या डिकीत अंथरलेले अस्तर तसेच. आणि लग्नाच्या आहेराबरोबर मिळणारी ती 'कापडी' पिशवीही बिनविणीचीच, फक्त तिच्यातले तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले असतात.

अशा कापडाचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. विणकराचा सांगतात, रंगाऱ्याचा सांगतात, शिंप्याचा सांगतात. म्हणून आज हा प्रपंच.

सुरुवात लोकरीपासून करावी लागते. मेंढीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. लोकर ओली करून, गरम करून रगडली की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात आणि मागे सरत नाहीत. रगडत राहावे तसे ते जास्त घट्ट बसते. स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला तर तो आक्रसून जाड होतो, त्याचे कारण हेच. मध्य आशियातल्या मेंढपाळांनी हा गुण फार पूर्वी ओळखला. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक येथे बर्फात गोठलेली थडगी सापडली. तिथून निघालेले, चित्रे जडवलेले नमद्याचे पडदे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. आपल्याकडेही ही वस्तू नवी नाही. पाली विनयपिटकात 'नमतक' हा शब्द येतो, तो अशाच दाबलेल्या लोकरीच्या तुकड्यासाठी. फारसीतला 'नमद' आणि आपला 'नमदा' हे त्याचे सोयरेच.

मराठी मुलखात या कापडाला 'बुरणूस' म्हणत. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे. आज कितीजणांना तो ठाऊक असेल? घोंगडे विणलेले असते. बुरणूस विणलेला नसतो. धनगरांकडून लोकर आणायची, पिंजायची, चटईवर थरावर थर पसरायची, पाणी शिंपडायचे, गुंडाळायची आणि पायांनी तुडवत राहायची. धनगरी भागात बसण्या-निजण्यासाठी जे 'जेन' वापरत, तेही याच जातीचे. इंग्रजांनी १८८५ साली काढलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात शहरातल्या हस्तोद्योगांची जंत्री आहे. तांब्यापितळेची भांडी, रेशीम, कलाबतू, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, कागद, आणि त्यांच्याच रांगेत हे दाबलेल्या लोकरीचे कापडही आहे. ते करणारे लोक होते पिंजारी.

पिंजारी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर गादीवाला येतो. बरोबरच आहे. खांद्यावर माणसापेक्षा उंच धनुष्य, त्याला आतड्याची तात, हातात लाकडी ठोकळा. तात कापसाच्या ढिगात बुडवून ठोकळ्याने छेडली की 'टंऽऽ टक' असा आवाज होतो आणि दाबून बसलेला कापूस ढगासारखा उडू लागतो. माझ्या लहानपणी घाटावरून उतरलेले असे पिंजारी आमच्या वाड्यावर यायचे. आवाज आला की आम्ही मुले धावायचो, आणि केसांत कापूस घेऊन घरी परतलो की ओरडा खायचो.

पण पिंजारी करतो काय? आपल्याला वाटते की तो कापूस मोकळा करतो. ते अर्धेच खरे. तो आधी घट्ट गोळा फोडतो आणि मग मोकळ्या झालेल्या तंतूंचे हलके, एकमेकांत अडकलेले पुंजके करून ठेवतो. त्या पुंजक्यात हवा असते, म्हणून ऊब असते. तंतू एकमेकांना धरून असतात, म्हणून उचलले तर विखरत नाहीत. म्हणजे तो वाईट गुंता सोडवून चांगला गुंता घालतो.

लोकर आणि कापूस यांत एक फरक आहे आणि पुढची सारी गोष्ट त्या फरकावर उभी आहे. कापसाच्या तंतूला खवले नसतात. कितीही तुडवा, त्याचा बुरणूस होणार नाही. मग कापसाचे पुंजके जागेवर राहणार कसे? तिथे सुई येते. दोन कापडांमध्ये कापूस पसरायचा आणि लांब सुईने आरपार टाके घालायचे. टाका नक्षीसाठी नसतो. तो नसेल तर आठवड्याभरात सगळा कापूस पायाशी जमतो.

हे मला नीट समजले ते मनावरला. नाव वाचून कोणाला ते मनाचे गाव वाटेल, पण मनावर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, नर्मदेला मिळणाऱ्या मान नदीवरचे. धार म्हणजे पवारांचे संस्थान. दुसरे बाजीराव पेशवे १७७५ साली जन्मले ते धारच्या किल्ल्यात. देवासलाही पवारच होते, थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात. या बाजूला पवार, शिंदे आणि होळकर यांचे मुलूख एकमेकांत असे गुंतलेले होते की एका दिवसाच्या प्रवासात माणूस दोन-तीन राजवटी ओलांडायचा. आजही धारला आणि देवासला मराठी बोलणारी घराणी भेटतात. त्यांच्या मराठीत माळव्याची साखर पडलेली असते, एवढेच.

ओंकारेश्वर आणि महेश्वर करून आम्ही बाघच्या लेण्यांकडे निघालो होतो, तेव्हा वाटेत मनावरला थांबलो. नोव्हेंबर महिना. विंध्याच्या पायथ्याखालचा हा भाग म्हणजे निमाड, आणि निमाड म्हणजे कापूस. रस्त्याच्या कडेला कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या रांगेने उभ्या होत्या, बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले होते. जिनिंगमध्ये सरकी निराळी होते, रुई निराळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठी गिरण्यांकडे जातात.

आता गंमत पाहा. मनावरच्या पूर्वेला महेश्वर. अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून वसवले आणि महेश्वरी साडीचे नाव झाले. वायव्येला बाघ. तिथले ठसेछपाई करणारे खत्री आपले पूर्वज सिंधमधल्या लारकान्याहून मारवाडमार्गे मनावरला आणि तिथून पुढे बाघला आले असे सांगतात. विणणाऱ्यांचे गाव एकीकडे, छापणाऱ्यांचे दुसरीकडे, दोघांविषयी पुस्तके आहेत, प्रदर्शने भरतात. मधल्या मनावरात कापूस पिकतो. आणि बाजारपेठेतल्या एका गल्लीत थंडीच्या तोंडावर रजया भरल्या जात होत्या. त्यांच्याविषयी कोणी काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुकानातले वयस्क गृहस्थ पिंजारा समाजाचे. मी त्यांना चाचा म्हटले, त्यांनी मला भाईसाब. धनुष्य आता भिंतीवर टांगलेले, पिंजायला विजेवरचे यंत्र. गोव्याहून आलेला माणूस रजई घेणार नाही हे त्यांनी ओळखले होते, तरी चहा मागवला. मी विचारले, यंत्राने काम सोपे झाले असेल? ते म्हणाले, "जल्दी हुआ, भाईसाब. आसान नहीं हुआ." यंत्र कापूस फोडते, पण किती फोडावा हे त्याला कळत नाही. फार पिंजला तर तंतू तुटतो आणि धूळ होते, कमी पिंजला तर गाठी राहतात आणि अंगाला टोचतात. पुंजका हातात घेऊन, दोन बोटांनी हलकेच ओढून ते दाखवत होते. तो ताणला जाई, पण तुटत नसे. आत बसलेल्या बायका टाके घालत होत्या, कडेपासून मध्याकडे, कापूस तळहाताने सारखा करत करत. जुन्या रजईतला कापूस काढून, पिंजून, त्यात थोडा नवा मिसळून तीच रजई पुन्हा भरून देतात. आजीच्या रजईतला कापूस नातवाच्या अंगावर जातो.

माळव्यात आणि निमाडात हे लोक स्वतःला 'मन्सूरी' म्हणवतात. नावामागे एक मोठा माणूस उभा आहे. 'अनल हक', मीच सत्य, असे म्हटल्याचा ठपका ज्याच्यावर आला आणि इसवी सन ९२२ मध्ये बगदादला ज्याला देहदंड झाला, तो सूफी मन्सूर अल्-हल्लाज. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. कर्नाटकात आणि आपल्या सीमाभागात याच समाजाचे आडनाव 'नदाफ' असते, आणि नद्दाफ या अरबी शब्दाचा अर्थही तोच. गोव्यात नदाफ आडनावाची माणसे आपल्याला रोज भेटतात. आपण त्यांना बेळगावकडचे म्हणून सोडून देतो. आडनावात एक सबंध धंदा बसलेला आहे, हे ध्यानात येत नाही.

संतांतही पाहा. विणकरांना कबीर मिळाला, शिंप्यांना नामदेव. पिंजाऱ्यांनाही मिळाला आहे. राजस्थानातल्या नराण्याला ज्यांची गादी आहे ते दादू दयाल (१५४४ ते १६०३) परंपरेने पिंजारी मानले जातात. कबीराचा माग आणि नामदेवांची सुई आपल्याला पाठ आहे. दादूंचे धनुष्य किती मराठी घरांत माहीत आहे? रसेलने १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात या समाजावर प्रकरण आहे. त्यांच्या चालीरीती हिंदू आणि मुसलमान दोन्हीकडच्या, असे तो नोंदवतो. म्हणजे माणसेही एकमेकांत मिसळलेल्या तंतूंसारखी. पुढे जनगणनेच्या रकान्यांना असा गुंता मानवला नाही, हे निराळे सांगायला नको.

पिंजाऱ्याचे मोल एकदा मात्र साऱ्या देशाच्या कामी आले. गांधीजींनी आश्रमात चरखा आणला खरा, पण चरख्याला पेळू लागतो आणि पेळूला पिंजलेला कापूस लागतो. गिरणीकडून पेळू आणायचे तर मग स्वदेशी कसली? गंगाबेन मजमुदार यांनी शेवटी एक पिंजारी शोधून काढला. त्याने महिना ३५ रुपये मागितले, आणि त्या वेळी कोणतीही किंमत आपल्याला जास्त वाटली नसती, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. चरखा पुढे झेंड्यावर गेला. पिंजाऱ्याच्या धनुष्याला ते भाग्य लाभले नाही.

तोवर युरोपात आणखी एक घटना घडून गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कारखानदारांपुढे प्रश्न होता की ज्या तंतूंना खवले नाहीत, ताग म्हणा, झाडांचे तंतू म्हणा किंवा चिंध्या कुटून काढलेला कचरा, त्यांचा नमदा कसा करायचा? उत्तर सापडले ते सुईतच. पण या सुईला नाक नाही आणि तिच्यात दोरा ओवत नाहीत. तिच्या कडांवर गळाला असतात तसे बारीक काटे असतात. अशा शेकडो-हजारो सुया एका फळीवर बसवायच्या आणि पिंजून पसरलेल्या तंतूंच्या जाड थरात खालीवर मारायच्या. सुई आत जाताना काट्यांत अडकलेले तंतू वरून खाली ओढून नेते आणि बाहेर येताना त्यांना तिथेच सोडते. आधुनिक यंत्रात फळी मिनिटाला हजाराहून अधिक वेळा पडते. वरचे तंतू खालच्यांत, खालचे वरच्यांत, आणि थर घट्ट बसतो. मनावरच्या रजईत दोरा जे काम करतो, तेच इथे तंतू स्वतः करतो. टाका तोच, फक्त दोरा वेगळा नाही.

या युक्तीने किती मजल मारली पाहा. फ्रान्समध्ये वालक्रो येथे १९७० साली बांधलेल्या मातीच्या धरणात अशाच सुईने टोचलेल्या कापडाची गाळणी घातली गेली. पाणी जाते, माती अडते. रस्त्यांखाली, रेल्वेखाली, कचरापट्ट्यांखाली आज तेच कापड घालतात. मोटारींचे अस्तर त्याचेच असते. आपल्याकडे नारळाच्या काथ्याचेही असे टोचून नमदे करतात, ते गाद्यांत आणि बागेतल्या कुंड्यांत जातात. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजत घालून, कुटून काथा काढणे आमच्या गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांना नवे नाही. पण आम्ही त्याचे सुंभ वळले आणि तिथेच थांबलो. आज सोडणांचे ढीग भाटात पडून असतात किंवा चुलीत जातात.

गोव्याचा या कथेशी आणखी जुना संबंध आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी बंगालमधल्या सातगावच्या रेशमी भरतकामाच्या रजया युरोपात नेत. त्यांना ते 'कोल्शा' म्हणत. लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत त्या अजून जपलेल्या आहेत. त्यांवरचे राजे, जहाजे, शिकारी यांवर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे. आतला कापूस कोणी पिंजला, हा प्रश्न काचेच्या पेटीबाहेरच राहतो.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीवर येतो, कारण कारकुनाला यादी वाचायची सवय असते. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा घ्या, हातमागांची गणना घ्या किंवा २०१५ पासून ७ ऑगस्टला साजरा होणारा राष्ट्रीय हातमाग दिवस घ्या. सगळीकडे मोजमाप मागापासून सुरू होते. ज्याच्याकडे माग नाही तो त्या हिशेबात येतच नाही. बरे, १७ सप्टेंबर २०२३ ला पारंपरिक कारागिरांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, माळी, जाळी विणणारा, टोपल्या-केरसुण्या करणारा आणि काथ्या विणणाराही. यादी चांगलीच आहे. पण तीत पिंजारी नाही. मागासवर्गांच्या याद्यांत मात्र पिंजारी, मन्सूरी, नदाफ अशी नावे आहेत. म्हणजे जात म्हणून त्याची नोंद आहे, काम म्हणून नाही. चाचांच्या गल्लीतल्या बायकांना शिंपी म्हणून अर्ज करता येईलही कदाचित. पण त्या जे करतात ते शिवणकाम नव्हे.

आणि त्याच धार जिल्ह्यात, बदनावर तालुक्यातल्या भैंसोला गावी, १७ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला, पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. २,१०० एकरांहून मोठी जागा, 'शेत ते परदेश' अशी कल्पना. कापूस पिकवणाऱ्या निमाड-माळव्याला त्यातून काम मिळो, ही मनापासून इच्छा. अशा उद्योगांत आज बिनविणीच्या कापडाला मोठी मागणी असते. तिथे जर कधी सुयांचे यंत्र धडधडू लागले, तर ते मनावरच्या गल्लीतल्या कामाचेच पुढचे रूप असेल. प्रश्न एवढाच, की यंत्रावर उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाला हे कोणी सांगेल का, आणि पुंजका दोन बोटांनी ओढून पारखणाऱ्या चाचांना तिथे कोणी काही विचारायला बोलावील का?

एक व्यावहारिक गोष्टही सांगून ठेवतो. सगळे बिनविणीचे कापड सोज्वळ नसते. बाजारात 'कापडी' म्हणून मिळणाऱ्या त्या रंगीत पिशव्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतात. म्हणूनच सरकारने ३० सप्टेंबर २०२१ पासून प्रति चौरस मीटर ६० ग्रॅमपेक्षा हलक्या अशा पिशव्यांवर बंदी घातली. कापूस आणि लोकर मातीला मिळते, ही पिशवी मिळत नाही. दख्खनी मेंढीची लोकर कवडीमोलाने जाते किंवा फेकली जाते, आणि आपण प्लास्टिकचा गुंता विकत घेऊन घरी आणतो.

मोल्सवर्थच्या कोशात बुरणूस आहे, पुण्याच्या गॅझेटियरात त्याचे कारागीर आहेत, बगदादच्या सूफीच्या नावात पिंजण आहे, गांधीजींच्या आत्मकथेत ३५ रुपये आहेत. पुरावा कमी नाही, फक्त तो विखुरलेला आहे, न पिंजलेल्या कापसासारखा. तुमच्या गावी पिंजारी येत असे का, तो कुठून येई, तुमच्या घरात त्याच्या धनुष्याला काय म्हणत, आणि बुरणूस हा शब्द कोणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी तुम्ही ऐकला आहे का, हे जरूर कळवा. गावाचे नाव आणि साधारण साल लिहिलेत तर मी ते सगळे एका वहीत तारीखवार उतरवून ठेवीन. नोंद ठेवणे हे एक काम तरी मला येते.